पाटीवर नसलेलं वाक्य

४ जून

वन्संना नमस्कार.

मी आपणहून पत्र लिहिलं म्हणजे इथे काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असेल. खरं आहे ते. तुमच्या भावाचं काहीतरी चाललंय.

सकाळी मी म्हटलं, "दूध नासलंय." हे म्हणाले, "हो, छान झालंय," आणि हसले. परवा दिग्दर्शक घरी आले होते. त्यांनी विनोद सांगितला, सगळे हसले, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर हे हसले. मी बोलत असले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, जणू मी खोटं बोलतेय का ते तपासतायत. पाठ फिरवून काही विचारलं तर उत्तरच नाही. आठवड्यातून दोन दुपारी ड्रायव्हरला सुट्टी देऊन, टोपी डोळ्यांवर ओढून, ट्रामने कुठेतरी जातात. चौकाचौकात ज्यांचं तोंड पोस्टरवर आहे ते माणूस भिंतीच्या कडेकडेने चालतं, हे मी आमच्या गच्चीवरून बघितलंय.

आणि ते दीपगृहाचं चित्र. तुम्ही बघितलंच असेल, नायिका ह्यांच्या मांडीवर प्राण सोडते ते. पडद्यावर पाटी येते, "तू गेलीस तर हा दिवा कुणासाठी लावू?" आणि थिएटरभर हुंदके. वन्सं, लग्नाआधी मी त्याच स्टुडिओत कपडे शिवत होते. नायक प्रेमाच्या प्रसंगात काय काय बडबडतात ते मला माहीत आहे. मूकपटात आवाज कुठे कुणाला जाणारे! एकदा हेच गुडघ्यावर बसून, डोळ्यांत पाणी आणून, नायिकेला "जेवायला काय आहे?" विचारत होते. पण दीपगृहात हे जे बोलतात ते पाटीवरचं नाही, आणि थट्टाही नाही. ते रडणं औषध घालून आणलेलं नाही, एवढं शिवणकाम करणारीलाही कळतं. त्या बाईला हे खरंच काहीतरी सांगतायत.

आता स्टुडिओचे मालक पहिला बोलपट काढतायत. ह्यांच्यासाठी करार घेऊन दोनदा घरी आले. हे दोन्ही वेळा मान डोलावून "उद्या बघू" म्हणाले. सगळं शहर ह्यांचा आवाज ऐकायला टपलंय आणि ह्यांना घाई नाही.

तुम्हाला काही लिहिलंय का? खरं सांगा.

तुमची वहिनी


१२ जून

वहिनी,

मला त्याने काही लिहिलेलं नाही. माझी पत्रं त्याच्या हातात पडतात का, हेच आधी मला तुला विचारायचंय. मी तीन प्रश्न विचारले की चार ओळींचं उत्तर येतं आणि त्यात एकाही प्रश्नाचं नाव नसतं.

तू त्याला हीरो म्हणून ओळखतेस. मी त्याला छोटू म्हणून ओळखते, आणि सहा फूट झाला तरी तो छोटूच. लहानपणी आमच्या बाइंडिंगच्या कारखान्याच्या माळ्यावरून कागदाच्या ढिगात उड्या मारायचा. बाबा ओरडायचे ते कागद चुरगळतात म्हणून, पायाचं कुणाला पडलं नव्हतं. मग सर्कशीचे तंबू ठोकणाऱ्यांबरोबर निघून गेला, आणि पुढे तुमच्या त्या स्टुडिओत दिवे उचलायला लागला. पुलावरून चालत्या नावेत उडी मारायला नायकाने नकार दिला, तेव्हा ह्याने हातातला दिवा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी मारतो." पाण्यातून वर आला तेव्हा मालकाने त्याचा चेहरा बघितला, आणि तो पहिला नायक पुन्हा कुणाला दिसला नाही. ही सगळी हकिगत त्याने मला इथे, खळीच्या डब्यांमध्ये बसून, हातवारे करून सांगितली होती. तेव्हा तो माझ्याशी बोलायचा.

गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा? दारातून तीनदा हाक मारली, वळून बघितलं नाही. म्हटलं, कारखान्याचं छप्पर बदलायचंय, तुझं मत काय? म्हणाला, "हो, हो, विकून टाक." छप्पर विकून टाकू? मी काय समजायचं ते समजले. कुणीतरी त्याचे कान भरलेत. घरात त्याचे कान भरणारं दुसरं कोण आहे, ते तूच सांग.

तो कुठे जातो ते शोध. आणि सापडलं की मला आधी कळव.

ताई


२० जून

वन्संना नमस्कार.

कान भरायला माणूस आधी ऐकणारं लागतं. माझं ऐकतंय कोण?

काल मी ह्यांच्या मागे गेले. शेजारणीचा कोट मागून घातला. हे शेवटच्या थांब्यावर उतरले आणि छापखान्याच्या मागच्या गल्लीत एका पिवळ्या घरात शिरले. दार एका बाईने उघडलं. वयाने माझ्यापेक्षा मोठी, केस घट्ट बांधलेले, बोटांना खडू लागलेला. सुंदर नाही हो! सुंदर असती तर एक वेळ समजले असते.

खिडकी खालच्या मजल्यावर होती. पडदा अर्धाच ओढलेला. दोघं समोरासमोर बसलेली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. भर दुपारी तिने दिवा लावून स्वतःच्या तोंडाजवळ धरला होता. ती ओठ हलवत होती, पण आवाज नव्हता. काच उघडी होती वन्सं, मी चार हातांवर उभी होते, आवाज नव्हताच. असं कुजबुजून काय बोलायचं असतं, की भिंतींनाही कळू नये? आणि हे तिच्या ओठांकडे बघत होते. लग्नानंतर माझ्याकडेसुद्धा असं बघितलं नाही. मध्येच हे काहीतरी चुकल्यासारखे हसले आणि तिने ह्यांच्या हातावर हलकी चापट मारली.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. संध्याकाळी विचारलं, "कुठे होतात?" म्हणाले, "स्टुडिओत, तलवारीचा सराव." सरळ तोंडावर खोटं.

माझ्याने आता गप्प बसवत नाही. मालकांचा ह्यांच्यावर धाक आहे. आपल्या नायकाची बदनामी त्यांना परवडायची नाही. त्यांच्या कानावर घालते, ते बघून घेतील.

तुमची वहिनी


२६ जून

वहिनी,

घाईत लिहितेय, चिकटवलेली पुठ्ठ्यांची चळत वाळायच्या आत दाबात घालायची आहे.

मालकाकडे जाऊ नकोस. मी सांगते म्हणून जाऊ नकोस.

आधी एवढं सांग: तो झोपलेला असताना शेजारी भांडं पडलं तर दचकतो का? तुझ्या कुठल्या बाजूला बसतो, नेहमी एकाच बाजूला का? दारावरची घंटा वाजली तर आधी कोण उठतं?

प्रश्न विचित्र वाटले तर वाटू देत. उत्तरं पाठव. तोपर्यंत तोंड बंद ठेव.

ताई


५ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी मालकांकडून परत येऊन चपला काढत होते.

पत्र वाचून मला राग आला. म्हटलं, मी इथे जळतेय आणि ह्यांना भांड्यांची पडलीय. भावाला पाठीशी घालतायत. मग रात्रभर ते प्रश्न डोक्यात फिरत राहिले. घंटा वाजली की मीच उठते. भांडं पडलं की मीच दचकते. हे नेहमी माझ्या डाव्या हाताला बसतात. तरी मला उलगडा झाला नाही. माझ्या डोक्यात ती पिवळ्या घरातली बाईच बसली होती.

मालकांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. "तोंडाजवळ दिवा?" त्यांनी दोनदा विचारलं. माझ्यासाठी चहा मागवला. आणि माणूस पाठवून त्या बाईची चौकशी केली. ती मूकबधिरांच्या शाळेत शिकवते. ओठांवरून बोलणं वाचायला शिकवते.

बुधवारी ह्यांना स्टुडिओत बोलावलं. मलाही बोलावलं, का ते सांगितलं नाही. नवीन ध्वनिमुद्रणाची खोली, भिंतींना जाड गोधड्या लावलेल्या, मध्ये टांगलेला मायक्रोफोन. हे त्याच्याकडे बघत, आमच्याकडे पाठ करून उभे होते. मालकांनी हाक मारली. हे वळले नाहीत. मालकांनी आवाज चढवला. मग त्यांनी सुताराला खूण केली आणि सुताराने ढगांच्या गडगडाटासाठी ठेवलेला भला मोठा पत्रा जमिनीवर टाकला. ध्वनिमुद्रकाने कानांवर हात दाबले, माझ्या तोंडून किंकाळी निघाली. ह्यांनी खिशातून रुमाल काढून शांतपणे कपाळ पुसलं.

मग पायाखालची जमीन हादरलेली जाणवली असावी. वळले. सगळ्यांचे चेहरे बघितले. पत्रा बघितला. मला कोपऱ्यात बघितलं. तेवढ्यात सगळं समजले.

मालक म्हणाले, "ज्याला समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही तो बोलपटात काय करणार?" आणि करार टेबलावरून उचलून घेतला. तोंडासमोर हात धरून बोलले, म्हणजे हे वाक्य ह्यांना कळलंच नसेल. किंवा कळलं असेल.

तुम्हाला माहीत होतं. नुसते प्रश्न विचारलेत. एक ओळ लिहिली असतीत तर?

वहिनी


१२ जुलै

वहिनी,

मला माहीत नव्हतं. तुझं ते दिव्याचं वाचलं आणि शंका आली, एवढंच. आमचे बाबा पन्नाशीच्या आत बोलेनासे झाले. गिऱ्हाइकाने निळं कापड सांगितलं तर तांबडं लावायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा हट्टी झालाय, मुद्दाम करतो. शेवटी गिऱ्हाइकं तुटली. ते ऐकत नाहीत म्हणून आम्ही सगळे त्यांच्यावर चिडायचो. "ऐकत नाही" ह्या शब्दाचा साधा अर्थ कुणाच्या डोक्यात आला नाही. तुझं पत्र आल्यावर खळ ढवळता ढवळता तो माझ्या डोक्यात आला.

एक ओळ लिहायला हवी होती हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण तुझ्या हातात ती ओळ द्यायचा मला भरवसा नव्हता. आता हिशेब चुकता झाला म्हण.

तो कसा आहे? जेवतो का? मी त्याला वेगळं पत्र टाकलंय. ते फोडू नकोस.

ताई


३० जुलै

वन्संना नमस्कार.

पत्र फोडलं नाही. उशीजवळ ठेवलं.

ते माझ्याशी भांडत नाहीत. मी समोर जाऊन बोलायला लागले की डोळे मिटून घेतात. बस. तुम्ही कधी अशा माणसाची समजूत काढायचा प्रयत्न केलाय? ओरडून उपयोग नाही, रडून उपयोग नाही. हाताला धरलं तर हात सोडवून घेतात. कागदावर लिहून समोर ठेवलं तर न वाचता उलटा करून ठेवतात. पापण्या मिटल्या की माझं तोंडच शिवल्यासारखं होतं.

शेवटी मी त्या पिवळ्या घरी गेले. भांडायलाच गेले होते थोडीशी. शिक्षिकाबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कोट आज नाही आणलात?" मला त्या दिवशीच खिडकीत बघितलं होतं त्यांनी! मी म्हटलं, "मग आत का नाही बोलावलंत?" म्हणाल्या, "तुमच्या यजमानांनी शपथ घातली होती. कुणालाही कळता कामा नये, बायकोला तर मुळीच नाही."

"मी सांगत सुटेन म्हणून?"

"नाही. तुम्ही कीव कराल म्हणून."

मी विचारलं, तुमची ओळख झाली कशी? त्या मला शाळेत घेऊन गेल्या. त्यांची मुलं मूकपटांवर जीव टाकतात. इतर लोक पाट्या वाचतात, ही मुलं ओठ वाचतात. कुठला खलनायक खऱ्या शिव्या देतो, कुठली राणी सिंहासनावर बसून दातदुखीची तक्रार करते, सगळं त्यांना पाठ. दीपगृहाचं चित्र बघायला वर्ग गेला तेव्हा सगळं थिएटर रडत होतं आणि ही मुलं एकमेकांना ढोसत होती. शाळेत आल्यावर त्यांनी बाईंना फळ्यावर लिहून दाखवलं, त्या प्रसंगात नायक काय म्हणतो ते. एका मुलीने माझ्यासाठी परत लिहिलं:

"मला ऐकू येत नाही. मला काही ऐकू येत नाही. कुणाला सांगू?"

वन्सं, ते त्या नायिकेला काहीही सांगत नव्हते. ती तर डोळे मिटून मेल्याचं सोंग करत होती. कॅमेऱ्याचा खडखडाट, वरून दिग्दर्शकाचा भोंगा, आणि त्या सगळ्या गोंधळात ह्यांना सांगायला जागा सापडली ती एवढीच. गावोगाव हजारो माणसांनी ते वाक्य बघितलं. मीही बघितलं. मी त्यावरून भांडण उकरून काढायच्या बेतात होते.

शिक्षिकाबाईंनी मग ह्यांना चिठ्ठी पाठवली, "माझ्या मुलांना तुमचं वाक्य कळलं," एवढीच.

मी आता त्यांच्याकडे जाते. आवाज न काढता, ओठ नीट उघडून, उजेडाकडे तोंड करून कसं बोलायचं ते शिकते. पण ऐकणारा डोळे उघडेल तर ना.

तुमची वहिनी


९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. छप्पर विकू नकोस.

काय सांगू तुला! आधी पक्षी गेले. मग पावलं. सेटवर रडण्याच्या प्रसंगाला व्हायोलिनवाला बसायचा, मी त्याच्या खुर्चीला पाय टेकवून ठेवायचो, थरथर थांबली की समजायचं, गाणं संपलं. बोगद्याच्या चित्रात दारूगोळा जरा जास्त भरला गेला तेव्हापासून तर सगळंच गेलं. मूकपटात चालून गेलं. पडद्यावर सगळेच मुके, सगळेच बहिरे. माझ्याइतका सुखी तिथे कोणी नव्हता.

पण घरी यायचो आणि भीती वाटायची. माणसं तोंडासमोर हात धरून बोलली की मला वाटायचं, माझ्याबद्दलच. दोघं हसले की माझ्यावरच. तुझ्या वहिनीने शेजारणीला काही सांगितलं तरी मी रात्रभर विचार करायचो, हिला कळलंय का, ही निघून जाणार का? तिचा माझ्यावर संशय होता म्हणतेस. माझाही तिच्यावर होता. बहिऱ्या माणसाला दुसरा उद्योगच नसतो.

आणि शेवटी तिनेच सांगितलं. मालकाला. मला न विचारता. ताई, मी तिच्याकडे बघू शकत नाही. बघितलं की तिचं म्हणणं कळेल, आणि कळलं की मी विरघळेन, ह्याची मला भीती वाटते.

मालकाकडून निरोप आलाय. बोलपटात नवा नायक घेतलाय, गवई आहे. धान्याच्या कोठाराच्या छपरावरून चालत्या गाडीत उडी मारायचीय आणि गवई वर चढायलाच तयार नाही. मी मारावी म्हणतात. पाठ दिसेल, चेहरा नाही, नाव नाही.

अपमान आहे. पण उडी चांगली आहे.

छोटू


२२ सप्टेंबर

वन्संना नमस्कार.

तुम्ही काळजी करत असाल म्हणून आधीच सांगते, पाय मुरगळलाय, मोडलेला नाही. आता नीट सांगते.

कोठाराच्या छपराला पुढे कठडा आहे. वरून खालचा रस्ता दिसत नाही. गाडी नेमकी कधी खाली येते ते पूर्वी ह्यांना घोड्यांच्या टापांवरून कळलं असतं. आता कुणीतरी समोरून खूण करायला हवी. दिग्दर्शकांनी त्यांचा मदतनीस निशाण घेऊन उभा केला. हे म्हणाले, "मी ह्याच्या निशाणावर उडी मारणार नाही. समोरच्या गच्चीवर माझी बायको उभी राहील."

मालक म्हणाले, "कोण, वहिनी? ज्यांनी तुझी..." आणि थांबले. ह्यांनी ओठ वाचलेच होते. म्हणाले, "तिच्याइतकी बारीक नजर ठेवणारं माणूस आहे तुमच्याकडे? ती कशावरही विश्वास ठेवत नाही. मला तसंच माणूस हवंय."

मला निरोप आला. मी गेले. वन्सं, मी मालकांवर विश्वास ठेवला नाही, गाडीवानावर ठेवला नाही, कापसाच्या गठ्ठ्यांवर तर नाहीच. सगळे गठ्ठे उतरवायला लावले. खालच्या थरात कापूस नव्हता, चिंध्या भरलेली पोती होती, आणि त्यांच्याखाली गाडीची लोखंडी कडी वर आलेली. गाडीवान म्हणाला, "बाई, एवढं कोण बघतं?" मी म्हटलं, "मी बघते." कडी काढायला लावली, नवा कापूस आणवला, घोडे दोनदा रिकामे पळवून बघितले. दिग्दर्शक घड्याळ दाखवत होते, मी त्यांच्याकडे पाठ केली.

मग समोरच्या गच्चीवर जाऊन हात वर करून उभी राहिले. ऊन माझ्या तोंडावर होतं. पलीकडे हे, नायकाच्या अंगरख्यात, छपराच्या टोकाला. माझ्याकडे बघत. दोन महिन्यांत पहिल्यांदा. डोळे मिटायची सोय नव्हती, वन्सं! मिटले तर खूण चुकणार.

गाडी वळणावर होती. थोडा वेळ मिळाला. मी शिक्षिकाबाईंनी शिकवलं तसं, आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तुम्ही मला सोडून जाल, ह्या भीतीने मी मालकांकडे गेले. दुसरं काही नव्हतं मनात."

ह्यांचा चेहरा हलला. एवढ्या लांबून दिसलं मला. गाडी आली. मी हात खाली टाकला.

"ऐकलं!" असं मोठ्याने ओरडून ह्यांनी उडी मारली.

गवयाच्या वाक्यांसाठी छपरावर मायक्रोफोन टांगलेला होता, तो चालूच होता. ध्वनिमुद्रक खोलीतून डोकं धरून बाहेर आला. "कोण ओरडलं? फिल्म खराब केली!" पण ह्यांच्या उडीने गाडीचं चाक मोडलं होतं, उजेड उतरत चालला होता, आणि उडी अशी झाली होती की मालक म्हणाले, "राहू दे. लोकांना वाटेल गवयाचीच आरोळी आहे." चित्र तुमच्या गावात लागलं की जा. सबंध बोलपटात ह्यांचा आवाज एवढाच आहे. जरा चिरका आहे, स्वतःला ऐकू येत नसलेल्या माणसाचा असतो तसा.

मी खाली पळत गेले. हे कापसात बसून घोट्याला हात लावत होते. म्हणाले, "कडी काढायला लावलीस ना? वर चढायच्या आधी मी बघत होतो." मग मी बोलत राहिले आणि हे बघत राहिले. काय बोललो ते लिहीत नाही.

मालकांनी ह्यांना कायमचं ठेवून घ्यायचं म्हटलंय, बाकीच्या नटांना पडायला, उड्या मारायला शिकवण्यासाठी. पाटीवर नाव घालू असंही म्हणाले. एकदम इतकं गोड का बोलतायत, ते ह्यांना कळत नाही. मलाही कळत नाही. काल दोघं टेबलाशी समोरासमोर बसून, दिवा मध्ये घेऊन, त्याचाच कीस काढत होतो. आमच्या संसारात आम्हा दोघांचा संशय एकाच माणसावर असण्याची ही पहिलीच वेळ.

तुमची वहिनी